संगणकाची कोठी आणि धोक्याची पातळी

(नभोवाणीवरील भाषण)

आजचा विषय कानी पडताच आपणांपैकी काहींना वाटेल की, ही तर संगणकाच्या जाणकारांनी आपापसात बोलावयाची गोष्ट. सर्वसामान्य माणसाचा तिच्याशी काय संबंध? परंतु बँकेच्या खिडकीपाशी तासभर उभे राहून अखेरीस 'सर्व्हर बंद आहे, उद्या या' हे शब्द ज्याने ऐकले असतील, त्याचा या विषयाशी संबंध येऊन गेलेला आहे. फक्त त्याला तो ठाऊक नाही. सर्व्हर म्हणजे अनेकांची कामे एकाच वेळी करणारा, रात्रंदिवस जागा असणारा संगणक, आणि डिस्क म्हणजे त्याची कोठी. खातेदारांच्या नोंदी, पत्रव्यवहार, छायाचित्रे, हिशेब, हे सारे त्या कोठीत साठते. ती कोठी काठोकाठ भरली म्हणजे काय होते, ती भरत आल्याची वर्दी वेळेवर कशी मिळावी, आणि ती वर्दी कोणाला मिळावी, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आरंभ स्वतःच्या चुकीपासूनच करतो. काही वर्षांपूर्वी सीमाभागातील एका गावी, एका लहानशा सहकारी संस्थेचा सर्व्हर सांभाळण्याचे काम माझ्याकडे होते. डिस्क ऐंशी टक्के भरली की सर्व्हरने आपण होऊन एक ई-पत्र पाठवावे, असा नियम मी लावून दिला होता, आणि आपले कर्तव्य पार पडले असे समजून स्वस्थ राहिलो होतो. पुढे मार्चअखेर आली. वर्षाचा हिशेब मिटवण्याचा दिवस. सेवानिवृत्त माणसे ठेवीवरील व्याजासाठी सकाळपासून बाकावर बसलेली. आणि भर दुपारी सर्व्हरने एकही नवी नोंद घेण्याचे नाकारले. मी धावत गेलो, पाहिले, तो कोठीत तिळाएवढी जागा उरली नव्हती.

मला आश्चर्य वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. ऐंशी टक्क्यांचा इशारा गेलाच नव्हता काय? शोध घेता असे दिसून आले की, इशारा गेला होता. एकदा नव्हे, दररोज पहाटे जात होता. परंतु तो ज्यांच्या पत्त्यावर जात होता, ते गृहस्थ मागच्याच दिवाळीत निवृत्त झाले होते. यंत्राने आपले काम चोख केले होते. हाक मारणारा होता, ऐकणारा नव्हता. त्या संध्याकाळी काही म्हातारी माणसे रिकाम्या हातांनी घरी गेली. तेव्हापासून हा विषय माझ्या मनात नुसता यंत्राचा राहिलेला नाही.

हे लहान संस्थांतच घडते, असे मात्र कोणी समजू नये. जपानमधील टोयोटा ही मोटारी तयार करणारी कंपनी शिस्तीविषयी जगभर नावाजलेली. तेथे २०२३ सालच्या २७ ऑगस्टला उत्पादनाच्या मागण्या नोंदवणाऱ्या सर्व्हरांची नेहमीची निगराणी चालू होती. साठलेली माहिती काढून टाकणे आणि उरलेली नीट लावणे, असे ते काम. त्या कामाच्या वेळीच डिस्कवरील जागा अपुरी पडली आणि व्यवस्था थांबली. राखीव सर्व्हर होते. परंतु तेही त्याच व्यवस्थेवर चाललेले असल्यामुळे त्यांचीही तीच गत झाली. परिणामी २९ ऑगस्टला त्या देशातील टोयोटाच्या १४ कारखान्यांतील २८ उत्पादनमार्ग बंद राहिले. पुढे अधिक मोठ्या कोठीच्या सर्व्हरवर माहिती हलवल्यावर काम पूर्ववत सुरू झाले. हा कोणा घुसखोराचा हल्ला नव्हे, असे कंपनीने स्पष्ट केले. कारण साधे होते: कोठी भरली होती. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ही वेळ साफसफाई चालू असतानाच आली. धान्य निवडावयाचे तर ते पसरण्यास जागा लागते; तद्वतच माहितीची आवराआवर करावयास मोकळी जागा आधी हाताशी असावी लागते. ती उरली नाही की मग आवरणेही हातचे जाते.

आता कोठी भरते कशाने ते पाहू. खातेदारांची माहिती वाढते म्हणून ती भरते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अंशतःच खरा आहे. प्रत्यक्षात जागा खाणारे निराळेच असतात. पहिला मान लॉगचा, म्हणजे सर्व्हरच्या रोजनिशीचा. कोण आला, काय मागितले, काय दिले, काय चुकले, हे सर्व्हर ओळीमागून ओळ लिहीत असतो. एखाद्या कार्यक्रमात बिघाड झाला तर तो तीच तक्रार सेकंदाला शेकडो वेळा लिहितो, आणि महिन्यात जेवढी रोजनिशी भरावयाची तेवढी एका रात्रीत भरते. दुसरे म्हणजे प्रती. सुरक्षिततेसाठी दररोज काढलेली प्रत दुसरीकडे हलवावयाची असते. ती तेथेच साठत राहते. तिसरे म्हणजे तात्पुरत्या म्हणून केलेल्या आणि कायमच्या झालेल्या फायली. घरातल्या माळ्याची आठवण करावी, म्हणजे अधिक सांगावयास नको.

याखेरीज एक चमत्कारिक प्रकार आहे. लिनक्स या प्रणालीवर चालणाऱ्या सर्व्हरात एखादी मोठी फाइल आपण पुसून टाकली, तरी चालू असलेल्या एखाद्या कार्यक्रमाने ती उघडून धरली असेल, तर तिचे नाव तेवढे यादीतून जाते. जागा मात्र सुटत नाही. भाडेकरूचे नाव पाटीवरून पुसले, पण बिऱ्हाड आतच आहे, अशातला प्रकार. तो कार्यक्रम ती फाइल सोडून देईपर्यंत किंवा बंद होईपर्यंत ती जागा सहसा मोकळी होत नाही. नवखा माणूस फायलींमागून फायली पुसत सुटतो आणि जागा काही वाढत नाही, तेव्हा बहुधा हेच कारण असते.

कोठी भरली म्हणजे सर्व्हर सावकाश चालू लागतो, अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी. तो चालता चालता अडतो. माहितीकोश नवी नोंद लिहू शकत नाही. अर्धवट लिहिलेली फाइल तशीच राहते आणि पुढे वाचताना घात करते. पाहुण्याने आत येण्याची नोंदही लिहावी लागते. ती लिहिता येत नाही म्हणून कधी कधी दुरुस्तीसाठी येणाऱ्यालाच दार उघडत नाही. याच कारणास्तव लिनक्सवरील ईएक्सटी-४ नावाच्या प्रचलित मांडणीत मूळचीच अशी योजना आहे की, एकंदर जागेच्या पाच टक्के जागा मुख्य व्यवस्थापकासाठी राखून ठेवावी. इतरांना कोठी पूर्ण भरलेली दिसते, तेव्हाही व्यवस्थापकाला आत पाऊल टाकण्यापुरती जागा असते. परंतु ही शेवटची शिदोरी आहे. तिच्या भरवशावर प्रवास करावयाचा नसतो.

मग इशारा केव्हा द्यावा? या प्रश्नाचे उत्तर आमच्या भागातील माणसाला पुस्तकात शोधावे लागत नाही. ते नदीने शिकवले आहे. कोल्हापुरास पंचगंगेवर राजाराम बंधाऱ्यापाशी पाण्याची उंची मोजतात. तेथे ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी मानलेली आहे. सांगलीस कृष्णेवरील आयर्विन पुलापाशी हेच आकडे ४० आणि ४५ फूट असे आहेत. या दोन पातळ्यांचे अर्थ भिन्न आहेत. इशारा पातळी म्हणजे सामान बांधा, जनावरे सोडवून ठेवा, नातेवाइकांना कळवा. अजून अवधी आहे. धोका पातळी म्हणजे उठा आणि निघा. पहिलीच्या वेळी दुसरीसारखी धावपळ केली तर माणसे हसतील. दुसरीच्या वेळी पहिलीसारखे सावकाश वागले तर पाणी घरात येईल. सर्व्हरच्या राखणीतही याच दोन पायऱ्या असाव्यात. पहिली सूचनेची: कामाच्या वेळात पाहावी, तिच्यासाठी कोणाची झोपमोड होऊ नये. दुसरी धोक्याची: तिने मध्यरात्रीही माणसाला उठवावे.

या पातळ्या किती टक्क्यांवर आखाव्यात? पुष्कळ ठिकाणी ऐंशी आणि नव्वद हे आकडे डोळे मिटून लावतात. माझ्या मते आकडा डिस्कवरून ठरवू नये. माणसाला लागणाऱ्या वेळेवरून ठरवावा. एक उदाहरण घेऊ. समजा, डिस्क २०० जीबीची आहे. नेहमीच्या दिवशी ती २ जीबीने भरते. आणि बिघाड झाला तर तासाला अर्धा जीबी या गतीने भरते, असा आपला अनुभव आहे. आता विचार करा. कार्यालय शनिवारी सायंकाळी सहाला बंद होते आणि सोमवारी सकाळी दहाला उघडते. मधले तास चाळीस. तासाला अर्धा जीबी म्हटले तर चाळीस तासांत २० जीबी भरतील. म्हणून २० जीबी मोकळी असतानाच धोक्याची घंटा वाजली पाहिजे; अर्थात, नव्वद टक्क्यांवर. सूचनेचे गणित निराळे. नवी डिस्क घ्यावयाची तर दरपत्रके मागवावी लागतात, मंजुरी घ्यावी लागते, माल यावा लागतो. त्याला वीस दिवस लागतात असे धरू. दिवसाला २ जीबीप्रमाणे वीस दिवसांचे ४० जीबी होतात. म्हणून ४० जीबी शिल्लक असताना, म्हणजे ऐंशी टक्क्यांवर, सूचना मिळावी. येथे ऐंशी आणि नव्वद हेच आकडे आले खरे, परंतु ते कोणी सांगितले म्हणून नव्हे, हिशेबाने आले. दुसऱ्या सर्व्हरवर ते सत्तर आणि पंच्याऐंशी येतील.

टक्केवारी कशी फसवते तेही पाहावे. ४००० जीबीची एखादी मोठी कोठी नव्वद टक्के भरली आहे. ऐकून धस्स होते. परंतु आत अजून ४०० जीबी मोकळी आहे, आणि ती दिवसाला २ जीबीने भरत असेल तर दोनशे दिवस चिंता नाही. उलट, २० जीबीची लहान कोठी ऐंशी टक्केच भरली आहे. ऐकून निर्धास्त वाटते. परंतु आत केवळ ४ जीबी शिल्लक आहे, आणि रोजनिशी तासाला एक जीबीने फुगत असेल तर चार तासांत सारे आटोपेल. यास्तव नियमात टक्केवारी आणि प्रत्यक्ष शिल्लक जागा, या दोहोंचा विचार असावा.

याहून चांगला उपाय म्हणजे गती पाहणे. पावसाळ्यात कोल्हापूरकर एकमेकांस 'पाणी किती फुटांवर?' एवढेच विचारीत नाहीत. 'तासाला किती चढते आहे?' आणि 'राधानगरीचे दरवाजे उघडले काय?' हेही विचारतात. पाणी ३८ फुटांवर आहे पण ओसरते आहे, तर माणूस झोपी जातो. ३५ फुटांवर आहे पण झपाट्याने चढते आहे, तर तो रात्र जागून काढतो. सर्व्हरची राखण करणाऱ्या आजच्या कार्यक्रमांनाही असा प्रश्न विचारता येतो. साउंडक्लाउड या कंपनीत २०१२ साली सुरू झालेला प्रॉमेथ्यूस नावाचा कार्यक्रम गेल्या काही तासांची चढण पाहून, 'याच गतीने गेल्यास जागा केव्हा संपेल?' याचे उत्तर देतो. मग नियम असा करता येतो: सात दिवसांत संपणार असेल तर सूचना; चोवीस तासांत संपणार असेल तर धोका. मात्र गतीचा नियम एकटा ठेवू नये. दर रात्री प्रत काढताना जागा घटकाभर झपाट्याने भरते आणि मग मोकळी होते. नुसती गती पाहणारा नियम तेवढ्यानेच घाबरून ओरडेल. म्हणून गती आणि पातळी यांची सांगड घालावी: जागा एक चतुर्थांशापेक्षा कमी उरली आहे आणि चोवीस तासांत संपणार आहे, तेव्हाच हाक मारावी.

येथेच आणखी दोन खबरदाऱ्या सांगून ठेवतो. पहिली मुदतीची. पातळी ओलांडताक्षणी ओरडू नये. ती दहा किंवा पंधरा मिनिटे ओलांडलेलीच राहिली, तर ओरडावे. क्षणिक उसळीने झोपमोड होत नाही. दुसरी परतीची. नव्वद टक्क्यांवर वाजलेली घंटा एकोणनव्वदवर थांबू नये. नाही तर जागा नव्वदच्या आसपास खालीवर होत असता घंटा रात्रभर वाजत आणि थांबत राहील. वाजावी नव्वदवर आणि थांबावी पंच्याऐंशीच्या खाली आल्यावर. इस्त्री किंवा शीतकपाट यांतील उष्णतेचे नियमन याच तत्त्वावर चालते, हे घरात वावरणाऱ्या सर्वांस ठाऊक आहे.

आता एका लबाड आजाराकडे वळू. जागा भरपूर मोकळी आहे, आणि तरीही सर्व्हर 'जागा नाही' असे सांगतो. हे कसे? प्रत्येक फाइलीची एक नोंद ठेवावी लागते. तिला आयनोड म्हणतात. ग्रंथालयात कपाटे रिकामी आहेत, पण नोंदवहीची पाने संपली, तर नवे पुस्तक आत घेता येत नाही, तसेच हे. ईएक्सटी-४ मध्ये सामान्यतः दर १६ केबी जागेमागे अशी एक नोंद आरंभीच आखलेली असते. एक-एक केबीच्या लक्षावधी चिमुकल्या फायली साठल्या, आणि प्रत्येकीने ४ केबीचा एक खण अडवला, तर सुमारे पाव कोठी भरते न भरते तोच नोंदी संपतात. जागा पाहणारा 'डीएफ' हा आदेश नेहमीच्या रीतीने चालवला तर तो सर्व ठीक सांगतो; आयनोड पाहण्यासाठी त्याला निराळे विचारावे लागते. म्हणून नोंदींच्या संख्येवरही तसाच दोन पायऱ्यांचा नियम लावावा.

फायलींच्या निव्वळ संख्येने काय ओढवते, याचे अद्भुत उदाहरण पृथ्वीवरचे नव्हे, मंगळावरचे आहे. नासाचे स्पिरिट हे फिरते यान जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरले आणि उतरल्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांच्या आत, २१ जानेवारीला, त्याचे बोलणे विस्कळीत झाले. ते पुन्हापुन्हा स्वतःला बंद करून चालू करीत होते. असे साठहून अधिक वेळा घडले. शोधाअंती कळले की, त्याच्या स्मृतिसंचात फायलींची संख्या फार झाली होती. सात महिन्यांच्या प्रवासातील जुन्या फायलीही तेथेच पडून होत्या. एवढ्या फायलींची यादी उघडण्यास लागणारी कार्यस्मृती त्या यानापाशी नव्हती. अभियंत्यांनी कोट्यवधी किलोमीटरांवरून त्याला तो संच न उघडता जागे केले, फायली पुसल्या, आणि फेब्रुवारीच्या आरंभी ते कामास लागले. पुढे ते यान काही वर्षे चालले. घर सोडताना माळा आवरला नाही तर तो मंगळापर्यंत पाठपुरावा करतो, असे म्हणावयास हरकत नाही!

जागेची राखण झाली. परंतु कोठीची भिंतच खचत असेल तर? डिस्कचे स्वतःचे आरोग्य तपासण्यासाठी 'स्मार्ट' नावाची योजना बहुतेक सर्व डिस्कांत असते. खराब झालेले भाग बाजूला काढून त्यांच्या जागी राखीव भाग किती वेळा वापरले, किती भाग वाचता येईनासे झाले, याचा हिशेब डिस्क स्वतः ठेवते. तो आकडा शून्यावरून वर गेला की सूचना मिळावी, हा नियम सोपा आणि उपयुक्त आहे. पण त्याच्या मर्यादाही जाणाव्यात. २००७ साली गूगलच्या तिघा अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक आढळल्यानंतरच्या साठ दिवसांत, अशी चूक नसलेल्या डिस्कांच्या मानाने ती डिस्क निकामी होण्याची शक्यता ३९ पटीने अधिक, असे त्यांना दिसले. म्हणजे इशारा खरा. परंतु त्याच अभ्यासात असेही आढळले की, निकामी झालेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी मुख्य चार लक्षणांपैकी एकही आधी दाखवले नव्हते. म्हणजे इशाऱ्याचा अभाव हे कुशल असल्याचे प्रमाणपत्र नव्हे. म्हणून डिस्कची राखण कितीही चांगली असो, माहितीची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी असलीच पाहिजे. आणि ती ज्या कोठीत ठेवावयाची, त्या कोठीलाही हेच सारे नियम लावलेले असले पाहिजेत.

श्रोते हो, नियम लावणे सोपे असते. अवघड आहे ते इशाऱ्याचा मान राखणे. एखाद्या कार्यालयात दिवसाला दोनशे इशारे येतात, आणि त्यांतील एकशे नव्व्याण्णवांवर काहीच करावयाचे नसते. मग दोनशेवा कोण पाहणार? लांडगा आला रे आला, या गोष्टीतील मुलाला आपण लहानपणापासून दोष देत आलो. परंतु तेथे गावाचे जे झाले तेच राखणदाराचे होते. त्याचे कान मरतात. म्हणून प्रत्येक इशाऱ्याला एक कसोटी लावावी: हा आल्यावर माणसाने काय करावयाचे? उत्तर 'काही नाही' असे असेल तर तो इशारा काढून टाकावा. फार तर त्याची नोंद आठवड्याच्या अहवालात करावी. उत्तर असेल, तर ते इशाऱ्यातच लिहावे. 'डिस्क ९० टक्के' एवढेच न लिहिता, कोणत्या सर्व्हरची कोणती कोठी, किती जागा उरली, किती तासांत संपेल, सर्वांत जास्त जागा कोणी व्यापली आहे, आणि प्रथम काय करावे, हे सारे चार ओळींत असावे. पहाटे तीनला डोळे चोळीत उठलेल्या माणसाकडून फार विचाराची अपेक्षा करू नये.

इशारा व्यक्तीच्या नावे न पाठवता कामाच्या नावे पाठवावा, हा धडा मी त्या मार्चअखेरीस शिकलो. माणसे बदलतात, रजेवर जातात, निवृत्त होतात. जबाबदारी मागे राहते. पहिल्याने ठरावीक वेळेत उत्तर दिले नाही तर दुसऱ्याला, त्याने न दिले तर तिसऱ्याला, अशी साखळी आखावी. आणि इशारा पाठवणारी व्यवस्था ज्याची राखण करावयाची त्याच सर्व्हरवर ठेवू नये. कोठी भरल्यावर ज्याला स्वतःला एक ओळ लिहिता येत नाही, तो दुसऱ्याला पत्र काय पाठवणार?

राखणदारच झोपला तर काय, हा शेवटचा प्रश्न. पूर्वी गस्तवाला रात्री दर घटकेला काठी आपटीत जाई. ती काठी ऐकून घरातील माणूस कूस बदलून झोपी जाई. आणि काठी ऐकू आली नाही तर दचकून उठे. हेच तत्त्व येथे वापरतात. राखण करणाऱ्या कार्यक्रमाने ठरावीक वेळाने 'मी जागा आहे' असा निरोप बाहेरच्या एखाद्या ठिकाणी पाठवीत राहावे. निरोप आला नाही की त्या ठिकाणाने हाक मारावी. नागिओस या जुन्या आणि प्रसिद्ध कार्यक्रमात तपासणीची उत्तरे तीन नव्हे, चार असतात: ठीक, सूचना, धोका आणि अज्ञात. हे चौथे उत्तर फार मोलाचे आहे. जे कळले नाही त्याला 'ठीक' म्हणू नये, एवढे शहाणपण त्यात आहे. याशिवाय, दर तीन महिन्यांनी एकदा मुद्दाम एक मोठी पोकळ फाइल ठेवून कोठी पातळीच्या वर न्यावी आणि घंटा वाजते काय, कोण उठतो, किती वेळात उठतो, हे घड्याळ लावून पाहावे. नंतर ती फाइल पुसण्यास मात्र विसरू नये!

त्या सहकारी संस्थेत पुढे आम्ही हे सारे केले. रोजनिशीची जुनी पाने आपोआप आवळून ठरावीक दिवसांनी काढून टाकण्याची व्यवस्था लावली, पातळ्या नव्याने आखल्या, आणि इशारा तीन माणसांकडे क्रमाने जाईल असे केले. दुसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत एका सकाळी सूचना आली. कारकुनाने ती वाचली, दुपारपर्यंत जुन्या प्रती दुसरीकडे हलवल्या, आणि वहीत एक ओळ लिहून ठेवली. मार्चअखेर आली आणि गेली. बाकावर बसलेल्या कोणालाही काही कळले नाही. आपापले व्याज घेऊन माणसे घरी गेली.

चांगल्या राखणीचे स्वरूप असेच असते. ती सफल झाली म्हणजे काहीच घडत नाही, आणि जे घडले नाही त्याचे कौतुक कोणी करीत नाही. यास्तव आपल्या संस्थेत, शाळेत, ग्रंथालयात किंवा पेढीत एखादा सर्व्हर असेल, तर उद्या तेथे जाऊन तीनच प्रश्न विचारावेत: कोठी किती भरली आहे? ती भरत आल्याची वर्दी कोणाला जाते? आणि ते गृहस्थ अजून येथे काम करतात ना?